हेमराजच्या तालमीतले पहिलवान

“ऋतिक, तू टोपल्यांकडे! सुरभी, तू शिट्टी वाजव! मी रिंगणाच्या मधात घुसते!”

“मधात? येडी झाली का तू, चंचल? तिथं कात्या चालून राह्यल्या!” ऋतिक कुजबुजला. बिचारा नालवाडीहून आत्याकडे, म्हणजे चंचलच्या घरी, आंबे खायला आलेला. आंबे राहिले बाजूला आणि तो चंचल आणि तिची मैत्रीण सुरभी यांच्याबरोबर झुडपामागे पोटावर पडला होता.

समोर अल्लीपूरच्या नाल्याच्या कोरड्या वाळूत माणसांचं रिंगण होतं. आत दोन कोंबडे आणि त्यांच्या पायांना बांधलेल्या कात्या, म्हणजे बोटभर लांब, धारदार पाती. सपकन एक उडी, आणि पांढऱ्या कोंबड्याची मान लोंबकळली! रक्ताची चिळकांडी पहिल्या रांगेतल्या सदऱ्यांवर उडाली. लोक खिदळले. कुणीतरी मेलेला कोंबडा तंगडी धरून पोत्यात भिरकावला.

“आता पुढची झुंज!” झुंजी लावणारा हेमराज ओरडला. त्याच्या काखेत होता रंगा!

तांबड्या पिसांचा रंगा. अंड्यातून बाहेर पडल्यापासून चंचलच्या हातून कण्या खाणारा, आणि काल अंगणातून गायब झालेला. चंचलचं डोकं असं तापलं, की मे महिन्याचं ऊनही गार वाटावं!

ती उठेपर्यंत झुंज लागलीसुद्धा. काळ्या कोंबड्याने झेप घेतली आणि रंगाची मांडी टर्रकन फाटली.

“आता!”

सुरभीची शिट्टी घुमली. “पोलीस! पोलीस आले!” ऋतिकने लाथा मारून टोपल्या उलथवल्या. डझनभर कोंबडे फडफडत माणसांच्या तोंडावर! चंचल रिंगणात घुसली आणि तिने ओढणी टाकून रंगाला उचललं. बिथरलेल्या काळ्याने थेट हेमराजच्या पोटरीवर झेप घेतली. पँट फाटली, मांस फाटलं, हेमराज गुरासारखा हंबरला!

“पळा बे!” ऋतिक ओरडला.

रंगा घरी आला, पण लढाई संपली नव्हती. जनावरांच्या दवाखान्यातल्या समीक्षा मॅडमनी टाके घातले, इंजेक्शनं दिली. तरी जखम सुजत गेली, सडू लागली. तिला आंबूस, कुजका वास येऊ लागला. रंगा मलूल होऊन पडून राहिला.

“या जंतूंवर नेहमीचं औषध चालतच नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “याला आधी कधी औषधं दिली होती?”

“एक गोळीसुद्धा नाही, मॅडम!”

“मग इतके चिवट जंतू आले कुठून? मी जखमेचा नमुना वर्ध्याला तपासायला पाठवते. अहवाल येईपर्यंत हा टिकला पाहिजे.”

चंचलने डोळे पुसले. “कुठून काय? त्या कातीवरून! चला हेमराजकाकाच्या घरी!”

“तो आपल्याले कच्चा खाईन!” ऋतिक म्हणाला.

“तू कडू आहे. तो थुंकून देईन,” सुरभी म्हणाली.

हेमराज पायाला पट्टी बांधून अंगणात बाजेवर बसला होता. पोरांना पाहताच त्याने काठी उचलली.

“माफी मागाले आलो, काका!” सुरभीने गोड आवाज काढला. “तुमचे कोंबडे भल्ले दमदार! काऊन बरं?”

हेमराज फुगला. काठी खाली आली. “तालीम आहे माह्यी! पिल्लं एकमेकांवर सोडतो. रोज थोडाच मार. कच्चे मरतात, पक्के वाचतात. मंग त्या पक्क्यांचीच पिलावळ वाढवतो!”

“अन् ते बिमार नाई पडत?”

“ही पिवळी पावडर पाहून राह्यली? अँटिबायोटिक! जखम असो नाहीतर नसो, पाण्यात रोज चिमूटभर!”

चंचलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

“काका! तुम्ही जंतूंचीही तालीम काढली! रोज थोडाच मार! कच्चे जंतू मेले, पक्के वाचले, त्यांचीच पिलावळ वाढली! आता त्यांच्यावर औषध चालत नाही. तेच कातीवर बसले अन् माह्या रंगाच्या मांडीत शिरले!”

“मले शिकवते, पोट्टे!” काठी सणकन चंचलच्या खांद्यावर बसली. ती कळवळली, पण हटली नाही.

“मारा! पण तुमच्या पोटरीतही तशीच काती घुसली ना? सोडा ती पट्टी!”

हेमराजचा हात हवेतच थांबला. ऋतिक नाक दाबून म्हणाला, “चंचल... वास तोच आहे.”

घरातून त्याची बायको धुरपताबाई धावत आली. तिने पट्टी सोडली. पोटरी भोपळ्यासारखी सुजली होती, पू वाहत होता. “म्हणून ताप उतरून नाई राह्यला!” तिने काठी हिसकावली आणि गुडघ्यावर मोडून फेकली. “पोरीवर हात उचलता? उठा! दवाखान्यात!”

ऋतिकने पावडरचा पुडा उचलला. “हाही डॉक्टरांना दाखवा, काकू!”

अहवाल आला. रंगावर कोणतं औषध चालेल ते कळलं. सूज ओसरली. पण हा पठ्ठ्या काही खाईना!

“औषध आणि जंतूंच्या मारामारीत पोटातले चांगले जंतूही मेले,” समीक्षा मॅडमनी पुडी दिली. “यात चांगले जंतू आहेत. प्रोबायोटिक. ते आधीच जागा धरून बसतात, मग वाईटांना बसायला जागाच नाही.”

“एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तसं!” सुरभी म्हणाली.

“अगदी तसंच!” मॅडम हसल्या.

हेमराजचा पाय वाचला, तोही थोडक्यात. सुट्टी संपता संपता तो कुबडी टेकत ग्रामपंचायतीत आला. रंगाला घेऊन पोरंही आली होती. तिथे बोलावलेल्या पोलिसांसमोर त्याने “आता झुंजी बंद!” म्हणत कात्यांची पिशवी टेबलावर आदळली. सरपंच अण्णाजींनी चंचलच्या दुखऱ्या खांद्यावर अलगद हात ठेवला. “आम्ही मोठे नाल्यात टाळ्या पिटत होतो, पोरांनो. तुम्ही गावाचे डोळे उघडले!”

हेमराज खाली मान घालून पुटपुटला, “चंचल, माह्या उरलेल्या कोंबड्यांले ते चांगले जंतू पाहिजे होते. किती टाकू? चिमूटभर?”

“चिमूट विसरा, काका!” चंचल ओरडली. “मॅडम सांगतील तेवढंच!”

सगळे हसले. तेवढ्यात रंगा लंगडत बाहेरच्या कुंपणाच्या भिंतीवर चढला, त्याने छाती फुगवली आणि भर दुपारी अशी बांग ठोकली, की हेमराजच्या हातून कुबडीच सुटली!