तुटक्या कोपऱ्याचा स्फटिक

मुदखेडच्या फलाटावर पंचशीलाच्या हातातली डबी बघून एका अनोळखी तरुणानं बिनदिक्कत तळवा पुढं केला. "ओ मॅडम, चिमूटभर सुपारी द्या की."

"सुपारी न्हाई, स्फटिक हाय!" पंचशीलानं हात झटकला… अन् डबीच पडली. नखाएवढ्या स्फटिकाचा एक कोपरा उडाला. फलाटभर ऐकू जातील अशा शिव्या घातल्या तिनं. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण यंत्रापुढं नवा माणूस बसलेला — तोच, उदगीरचा मल्लिकार्जुन!

मग चहा, मग चेष्टा, मग नजर… अन् मग लातूरहून त्याच प्रयोगशाळेत संशोधनाला नाझनीन आली.

दोघी आपापल्या स्फटिकावर लोखंड-सेलेनियमचा थर चढवायच्या, केसाहून कितीतरी पातळ. खूप गार केला की त्यातून वीज विनाअडथळा वाहावी, एवढाच ध्यास. पण ती वीज मोजणारं अतिथंड यंत्र परगावी होतं, अन् त्यात जागा एकाच तुकड्याला होती. तुकडा गाडीनं घेऊन जाणार होता मल्लिकार्जुन; त्यानं नाझनीनचा निवडला.

"डोळे लई सुंदर हायत तिचे," पंचशीला फणकारली.

"डोळे न्हाई, अणूंची मांडणी बघून राहिलो मी. तिच्या थराला खालचा स्फटिक कडेनं दाबतो, म्हणून सेलेनियमचे अणू लोखंडावर उंच बसलेत. तुझा थर आडवा ताणलाय, अणू खाली दबलेत. असल्यात वीज अडतीच."

"ताणलं कुणी?"

तेवढ्यात पलीकडून नाझनीनची हाक आली — "मल्लू!"

मल्लू! अन् हा उठला की लगेच!

दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा पंचशीलानं दोन्ही डब्यांतले तुकडे अदलाबदल केले. गोडगोड कथांतल्या नायिका असं करत नाहीत म्हणे. करतात, लिहायची छाती नसते कुणाची.

त्याच्या गाडीची वेळ जवळ आली तसं मात्र तिला राहवेना. नाझनीनची वर्षभराची मेहनत होती ती. रिक्षा करून पंचशीला स्टेशनात धावली, खिडकीचे गज धरले.

"मल्लिकार्जुन, डबी उघड! तुकडे बदलले मी. चोरी केली."

"ठाऊक हाय." आवाज कोरडा होता. "निघताना बघितलं. नाझनीनचा तिच्या डबीत ठेवला परत."

"कळलं कसं?"

"तुटलेला कोपरा मला वळखू येणार न्हाई व्हय? मीच तोडलाय." त्यानं शर्टाच्या खिशातून तिचा तुकडा काढला. "हा मोजायला न्हाई नेत. असाच… सोबतीला."

तिनं मनगटानं डोळे पुसले.

"रडू नको. आधी नाझनीनला सांग. न्हाई सांगितलंस, तर माझ्याशी बोलू नको."

"सांगते. आत्ताच. नंबर दे तिचा."

गाडी हलली. त्यानं दहाही आकडे धडाधड म्हणून टाकले. डोळे पुसता पुसता पंचशीला थबकली, मग डब्यामागं धावली. "मल्ल्या… तुला तोंडपाठ कसा रे तिचा नंबर?"

त्यानं हसत खिशावर हात ठेवला. गाडी निघून गेली.

दातओठ खात तिनं नंबर लावला. "नाझनीन, एक गुन्हा कबूल करायचाय, माफी मागायचीय. अन् हां — त्याला मल्लू म्हणायचं बंद कर!"