याच्यावाचून चालेल?

दुकानाच्या दर्शनी काचेमागचे पुतळे सजवणं हे तिचं काम. बिनडोक्याच्या त्या मंडळींपैकी कुणाचा खांदा ढिला, कुणाचं मनगट निखळतं, हे तिला सासरच्या माणसांपेक्षा पक्कं ठाऊक.

आता त्या पुतळ्यांत मालकांनी एक जिवंत माणूस आणून बसवला होता. म्हणे कलाकार! पांढरे कपडे, अनवाणी पाय. लोकांच्या हावेवर बोट ठेवणं ही त्याची कला. खरेदी करून निघालेल्याला तो एवढंच विचारी, "याच्यावाचून चालेल?" कुणी "चालेल" म्हणालं, की वस्तू त्याच्या पायाशी राही. दुकानातल्या पोरींनी त्याचं नाव ठेवलं 'बैरागी'. त्याला बघायला गर्दी लोटे, येणारा चार वस्तू जास्तच घेई. मालक खूश.

तिला मात्र संशय होता.

"दिवसाढवळ्या लुबाडतोय मेला," ती गल्ल्यावरच्या बाईंना म्हणाली.

"देणारा हसत देतोय, तुझं काय जातं?"

खऱ्या विरक्ताच्या बोलण्यात मायेचा ओलावा असतो. याचा आवाज घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा. कोरडा आणि रिकामा.

एका दुपारी कुणी मावशी नवे बूट ठेवून निघाल्या. हिला राहवेना. जोड उचलून ती दारापर्यंत धावली.

"मावशी, बूट राहिले तुमचे."

"कुठले बूट?"

"आत्ता घेतलेत ना? पावती हातात आहे की!"

मावशींनी पावती उलटसुलट करून पाहिली. "कुणाची गं ही?"

थट्टा नव्हती. चेहरा अगदी भाबडा होता.

संध्याकाळी नवरा तिला न्यायला आला. रोजच यायचा. माणूस असा थट्टेखोर, की इंजेक्शन घेतानाही डॉक्टरला हसवून यायचा. ती काचेमागे पुतळ्याच्या कोटाला टाचण्या लावत होती. उरलेल्या ओठांत धरलेल्या. नवऱ्याचे हात रिकामे दिसले, तशी ती निर्धास्त झाली.

बैराग्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे बोट केलं.

"यांच्यावाचून चालेल?"

पोरी खिदळल्या. तिनं टाचण्या थुंकल्या. "अहो, काही बोलू नका!"

"चालेल?" नवऱ्यानं डोळा मिचकावला. "अहो, धावेल!"

हसू ओठांवर तसंच राहिलं. डोळ्यांतून उतरलं.

आपण इथे कशाला आलो, हे आठवत असल्यासारखा तो उभा राहिला. मग एकटाच बाहेर पडला.

"अहो!"

मागे धावावं, तर पाय जागचे हलेनात. बैरागी सावकाश पिशव्या सरकवून आपल्या पायाशी जागा करत होता.

तिनं काचेवर दोन्ही तळवे आपटले.

बाहेर नवरा थांबला. वळला. काचेच्या अगदी जवळ आला आणि थेट तिच्या चेहऱ्यावर नजर लावली.

काचेत बघत त्यानं केस सारखे केले, कॉलर नीट केली, आणि चालू लागला.