मागच्या सीटवरचा श्वास

आणे गावच्या पठारावर एका बागायतदारानं गाड्या पळवायला खाजगी डांबरी ट्रॅक बांधला आहे. तिथं गोकुळ त्या दुपारी माइक लावायला गेला. काम नेहमीचंच होतं. अमृत गाडी पळवायचा, व्हिडिओ टाकायचा, आवाज रेकॉर्ड करायचं काम गोकुळचं. गोकुळचा थोरला भाऊ सयाजी गेल्या वर्षी याच ट्रॅकवर, उताराच्या वळणावर गाडीच्या अपघातात गेला. तिरडीला पहिला खांदा अमृतनं दिला होता. तेव्हापासून गोकुळची आई, साळुबाई, अमृतला वाढल्याशिवाय जेवत नसे.

गोकुळनं एक माइक फोममध्ये गुंडाळून मागच्या बंपरखाली, वाऱ्याच्या आडोशाला बांधला. सायलेन्सरचा घोगरा आवाज तिथं स्वच्छ मिळतो. दुसरा आत, अमृतच्या सीटच्या पाठीला.

"काचा बंद ठेव. आत बोलू नको," गोकुळ म्हणाला.

"एकटा कुणाशी बोलू राव?" अमृत हसला.

चार फेऱ्या झाल्या. तापल्या रबराचा वास पठारभर पसरला. अमृत पाणी प्यायला शेडमध्ये गेला आणि गोकुळनं कानाला हेडफोन लावले. बंपरखालचा आवाज झकास होता. मग त्यानं आतला लावला.

इंजिनच्या आवाजाखाली कुणीतरी श्वास घेत होतं. अमृतचा श्वास जवळून येत होता, उथळ, भरभर. हा दुसरा मागच्या सीटवरून येत होता. जड... ओला.

तिसऱ्या फेरीत, उतार लागताना, तो आवाज बोलला.

"अमृत... ब्रेकचं पेडल पार खाली जातंय रे. तुला म्हाईत व्हतं ना?"

तो दादाचा आवाज होता.

आणि मग अमृतचा, अगदी हळू... "व्हय. म्हाईत व्हतं."

अमृत शेडमधून आला तेव्हा गोकुळनं काही न बोलता हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. ऐकता ऐकता अमृतचा चेहरा राखेसारखा झाला.

"आईशप्पथ, मी बोललोच न्हाई गोकुळ... एक शब्द न्हाई."

"पण म्हाईत व्हतं?"

अमृतनं हेडफोन काढून बॉनेटवर ठेवले.

"ब्रेकचं ऑइल गळत व्हतं. मेकॅनिकनं सांगितलं व्हतं. त्या दिवशी लोकं जमलेली... मला वाटलं, एवढी फेरी निघंल."

"आन् मग दादाला बसवलंस? तू का न्हाई बसलास?"

अमृतनं मान खाली घातली.

"आमच्या घरी जेवत व्हतास तू," गोकुळ म्हणाला. "आई तुला दादाच्या ताटात वाढती."

अमृतनं चावी गाडीच्या टपावर ठेवली आणि फाट्याच्या दिशेनं पायीच निघाला. गोकुळ डांबरावर बसला. दादाच्या मरणाला वर्षभर त्यानं नशिबाचा खेळ म्हटलं होतं. लोक दादाला बेफाम म्हणायचे, तेही त्यानं गिळलं होतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. अमृतचा.

"गोकुळ..." तो कुजबुजत होता. "गाडी थांबवायला सांग ना याला..."

"कुणाला?"

"सीटबेल्ट सुटंना रे... लई जोरात चाललीय..."

त्याच्या आवाजामागं इंजिन चढत होतं. ते इंजिन गोकुळनं शंभरदा रेकॉर्ड केलं होतं. दादाची जुनी गाडी. ती तर अपघातानंतर भंगारात कापली गेली होती. फोनमध्ये तिसरा गिअर पडला. मग चौथा.

गोकुळ ताडकन उठला. पठारावर वाऱ्याखेरीज कसलाच आवाज नव्हता. लांब रस्त्यावर, लख्ख उन्हात, अमृत एकटाच पायी चाललेला दिसत होता. शांत, सरळ. दोन्ही हात मोकळे.

गोकुळच्या कानाशी, फोनमधला अमृत मात्र आता ओरडत होता.