इकडे रिकाम्या खुर्च्या

सरोवराकडून आलेला वारा, आणि त्यात पावसाचे थेंब... पडावं की नाही, हे अजून न ठरवलेले.

बातमीदाराने अंगणात कुणाची पाटी लावू नये. कोटावर बिल्ला लावू नये. सभेत टाळी वाजवू नये, हात थंडीने आखडले असले तरीही.

बटाटा, सलगम, मांस. हे सारण पारीत भरून भाजलेली, कडा मुडपलेली गरम पॅस्टी, कागदात गुंडाळलेली.

ती शेजारी ठेवून गवतात गुडघे टेकून बसलेला एक माणूस. हातात हातोडा.

"अहो... थांबा जरा."

हे बोलली ती हेल्मी लाहती. गावच्या वर्तमानपत्रात नुकतीच लागलेली, महापौरपदाच्या निवडणुकीच्या बातम्या लिहिणारी. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती तशीच पायऱ्या उतरली होती. जुळ्या घराचा अर्धा भाग तिचा. उरलेल्या अर्ध्यात नवा भाडेकरू यायचा होता, तो आला होता, आणि सामाईक गवतात मधोमध पाटी ठोकत होता: 'महापौरपदासाठी लॉरेटा ट्रेगर'.

"ही पाटी तुमच्या बाजूला घ्या ना."

"गवताला बाजू असते?"

"माझ्या नोकरीत असते. मी बातमीदार आहे. लोकांना वाटेल, पाटी माझी."

त्याने पाटी उपटली, थोडी सरकवली. "इथे?"

"अजून."

"इथे?"

"अजून थोडी..."

"आणखी सरकवली तर शेजारच्या कुत्र्याचं मतही लॉरेटाआत्यालाच जायचं."

"आत्या?"

"सख्खी. मी रूबेन." त्याने हात पुढे केला. तिनेही केला, आणि तेवढ्यात टॉवेल सुटून गवतात पडला. रूबेनने तो उचलून झटकला. "हा मात्र माझ्या बाजूला पडला. नोंद घ्या."

हेल्मी हसली नाही. घरात गेल्यावर हसली.

*

दोघांच्या ओसरीमध्ये कमरेएवढा कठडा होता. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याच्या अलीकडे ती, पलीकडे तो. निवडणुकीवर बोलायचं नाही, असं ठरलं. मग बाकी सगळ्यावर बोलणं झालं. तो बोटी दुरुस्त करायचा. त्याच्या हातांना लाकडाचा आणि वार्निशचा वास असायचा, आणि तो वास वारा नेमका इकडेच आणायचा.

"पॅस्टी घ्या, अर्धी."

"नको. उमेदवाराच्या भाच्याकडून खाणं चालत नाही."

"मग मी खाताना बघणं चालतं?"

"तेही... फार वेळ नाही."

*

छापलं: 'ट्रेगर यांच्या सभेत मागच्या रांगांतल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.'

छापलं नाही: पुढच्या रांगेतल्या एकाने वळून पाहिलं, आणि बातमीदाराची पेन्सिल थांबली.

छापलं: 'त्याच सभागृहात कोस्किनेन यांच्या सभेला तळलेल्या माशांचा घमघमाट होता, आणि गप्पांना रंग चढला होता.'

छापलं नाही: कोस्किनेन म्हणजे लॉरेटाआत्याचे प्रतिस्पर्धी. त्यांच्या सभेत हेल्मीकडे कुणी वळून पाहिलं नाही.

*

रूबेन वर्तमानपत्र घेऊन कठड्याशी आला. रागावलेला नव्हता, आणि तेच तिला जड गेलं.

"एक विचारतो. नियम मोडतोय."

"विचारा."

"कोस्किनेनच्या सभेत मागच्या खुर्च्या भरल्या होत्या?"

पाऊस आता नीट पडायला लागला होता. हेल्मीला ते सभागृह आठवलं, त्याच मागच्या रांगा, तशाच मोकळ्या. तिने त्या पाहिल्या होत्या.

"नव्हत्या."

"मग तू इकडच्याच का लिहिल्यास?" आपण 'तू' म्हणालो हे त्याच्या लक्षातच आलं नाही. "बेकरीत लोक आत्याला रिकाम्या खुर्च्यांची बाई म्हणतात आता. ती हसते. पण परवा म्हणाली, पुढची सभा घ्यायचीच कशाला."

तिला सांगता आलं असतं की घाईत लिहिलं, जागा कमी होती. पण खरं निराळंच होतं. आपण रूबेनकडे झुकू या भीतीने ती रोज उलट्या बाजूला रेलत होती. दुधाने तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकत बसली होती, आणि त्यात ताक दुसऱ्याचंच सांडलं.

"तू पुढच्या रांगेत होतास," ती म्हणाली.

"मग?"

"मला तुझ्याकडे बघायचं नव्हतं. म्हणून मी मागे बघितलं. मागे... खुर्च्या होत्या."

पन्हळीतून पाणी पडत राहिलं.

*

संपादक विल्माबाई चष्मा कपाळावर ठेवून ऐकत होत्या. निकालाच्या रात्रीची बातमी, पहिल्या पानावर, आपल्या नावाने... त्यासाठीच हेल्मी या गावात आली होती, हे त्यांना माहीत होतं.

"ही निवडणूक मी लिहू नये, विल्माबाई."

"प्रेमात पडलीस?"

"बहुतेक."

"बहुतेक आपण छापत नाही. दोन माणसांकडून खात्री करायची, शिकवलंय ना?"

"एक तर मीच आहे."

"आणि दुसरा?"

"त्याला अजून विचारलं नाही."

विल्माबाईंनी चष्मा नाकावर घेतला, म्हणजे आता फक्त काम. "निवडणूक मार्टिनकडे. तो शाळांचं बघायचा, ते आता तुझ्याकडे. आणि त्या खुर्च्यांची दुरुस्ती पाहिजे."

"लिहून आणलीय. पहिल्या पानावर घ्याल? खुर्च्याही तिथेच छापल्या होत्या."

"घेईन. पोरी, वाईट वाटतंय?"

"हो."

"वाटू दे. जा आता, खात्री करून ये."

*

छापलं: 'दोन्ही सभांत मागच्या रांगा रिकाम्या होत्या. आम्ही एकाच सभेतल्या लिहिल्या. चूक आमची.'

*

रूबेन ओसरीवर होता. हेल्मी कठड्यापाशी न थांबता त्याच्या पायऱ्या चढून वर आली.

"निवडणूक आता माझ्याकडे नाही."

"माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे. मला एका गोष्टीची खात्री करून घ्यायचीय. खरं तेच सांगायचं."

"नाव छापणार?"

"नाही."

"मग विचार."

"तुला मी... आवडते?"

त्याने तिच्या कानामागची ओली बट बोटाने मागे सारली. "आवडतेस. टॉवेल पडला तेव्हापासून. पण आत्याचा तुझ्यावर राग आहे."

"असू दे. तिचा राग बरोबर आहे."

छापलं नाही: यानंतरचं काहीही.

छापलं नाही: एप्रिलात, बर्फ वितळल्यावर, लॉरेटाआत्या जेवायला आली. अर्धा वेळ ती हेल्मीशी बोलली नाही. उरलेला अर्धा वेळ तिने दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही.

नोव्हेंबरातली निकालाची बातमी मार्टिनने लिहिली होती, आणि ती चांगली होती.