लाइट येईल तेव्हा येईल

गिटारचं टोक माझ्या खांद्यात रुतलं, तेव्हा मी त्याला ओळखलं नव्हतं.

मे महिन्यातली दुपार होती. नांदेड स्टेशनसमोरून तरोडा नाक्याकडं जाणारी शेअर ऑटो, आत पाच माणसं, आणि त्यातल्या एकाच्या मांडीवर काळ्या पिशवीतली भलीमोठी गिटार. ऑटोनं वळण घेतलं की ती माझ्याकडं झुकायची.

"ताई, लागलं का?" तो म्हणाला.

तोच आवाज... थोडा जाड झालेला. मी हळूच बघितलं. चष्मा आला होता, केस मागं सरले होते, पण बोलताना डावी भुवई तशीच वर जात होती. शेषेराव!

त्यानं मात्र मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? नांदेडच्या उन्हात आम्ही बायका डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधून घेतो, आणि डोळ्यांवर माझा गॉगल होता.

मला एकदम गंमत सुचली. एकोणपन्नास वर्षांच्या शाळेतल्या बाईंना सुचू नये अशी.

"काय आहे यात?" मी आवाज जरा बदलून विचारलं.

"गिटार हाय."

"वाजवता?"

"वाजवायचो. आता लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. नीटची परीक्षा झाली, जरा मोकळा हाय, म्हणून..." तो थोडा लाजला. "आमचा बँड होता पूर्वी. 'पत्रा' नाव होतं. एक कॅसेट काढली होती. तीच परत रेकॉर्ड करून राहिलो."

"गायचं कोण?"

"होती एक."

"कशी होती?"

"लई खडूस."

मी स्कार्फच्या आत ओठ चावला. "आणि आवाज?"

तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बसायचो आम्ही. नुसती भट्टी. ती गायला लागली की वाटायचं... कुणी वरून पाणी मारलं."

एवढं बोलून तो स्वतःच गोंधळला आणि गिटारच्या पिशवीची चेन उगाच उघडून लावली.

स्टुडिओ आला. तो उतरला, मागून मी उतरले.

"तुम्ही पण हितंच?"

मी गॉगल काढला. स्कार्फची गाठ सोडली. "हाव. मी पण इथंच. लई खडूस."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "सौदामिनी... तुम्ही?"

"तुम्ही कुणाला म्हणतोस रे?" मी म्हणाले. "आणि ऑटोवाल्याला पैसे दे आधी. तो थांबलाय."

आता जरा मागचं सांगायला हवं.

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातूरला बारावीत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस लोकांना दगडी भिंतीखाली झोपच येत नव्हती. बालाजीच्या काकांनी तर घरासमोरच्या जागेत पत्र्याची खोली टाकली आणि अख्खं घर तिच्यात राहायला आलं. पुढं भीती ओसरली, माणसं आत गेली आणि रिकामी खोली आम्हाला मिळाली. बालाजी ड्रम वाजवायचा. माहूरचा रेणुकादास देवीच्या भजनात वाजवायची हार्मोनियम घेऊन यायचा. शेषेराव निलंग्याकडच्या खेड्यातून शिकायला आलेला. त्यानं अभ्यासापेक्षा गिटारकडंच जास्त लक्ष दिलं. आणि गायला मी.

कॉलेजात असताना, पंचाण्णवच्या उन्हाळ्यात, आम्ही त्या खोलीत कॅसेट भरली. एका टेपरेकॉर्डरवर, एका दिवसात, आठ गाणी. ती कॅसेट लातूरच्या होस्टेलांत शिरली. तेव्हा गावोगावची मुलं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातूरला येत होती. एकानं दुसऱ्याला कॉपी करून दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सगळ्यात गाजलं शेवटचं गाणं, 'लाइट येईल तेव्हा येईल'. लोडशेडिंग झालं की मुलं ताटं बडवून ते गायची. उड्या मारत, ओरडत. आम्हीही स्टेजवर तसंच दणक्यात वाजवायचो.

मग मी डी.एड.ला नांदेडला आले. लग्न झालं, उर्वी झाली. नऊ वर्षांपूर्वी तिचे बाबा गेले. गाणं उरलं ते शाळेतल्या प्रार्थनेपुरतं. कॅसेट परत भरू म्हणून बालाजीचा फोन आला, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. पण उर्वी पुण्याहून म्हणाली, "आई, एकदा तरी स्वतःसाठी गा."

म्हणून मी गेले.

पहिली सात गाणी बरी झाली. दम लागला, पण झाली. जुनी कॅसेट कानात लावून तिच्याच सुरात मी गात होते, हार्मोनियम शेवटी भरायची होती. गंमत अशी, की प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा थोडं अवघड जात होतं. शेषेराव रोज लातूरहून यायचा आणि काचेपलीकडून भुवई उडवून मला हसवायचा.

"बाई, तोंड उघडा जरा. पोरांना ओरडता तसं."

"सर, तुमची तार सुटलीय. आधी ती बघा."

"माझी तार तर कवाच सुटली," तो पुटपुटायचा. मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

आठव्या गाण्याशी मात्र मी अडले.

आवाज वर पोचेचना. कॅसेटवरची ती पोरगी किती सहज गात होती! मी तिथं गेले की सूर फाटायचा. सकाळपासून कितीदा प्रयत्न केला. शेवटी खोकला आला आणि डोळ्यांत पाणी.

बालाजी आत आला. माणूस मनानं चांगला, पण बोलताना हातोडी. "सौदामिनी, वाईट वाटून घेऊ नको. वय झालं आपलं. हे एक गाणं मनस्विनीला देऊ. तरुण पोरगी हाय, चढेल तिचा आवाज."

मनस्विनी कोरसला आलेली कॉलेजची मुलगी. ती बिचारी घाबरून म्हणाली, "नाही, नाही. मॅडमचं गाणं आहे ते."

मी शेषेरावकडं बघितलं. त्यानं नुसतं 'नको' म्हणायला हवं होतं. तो खाली बघत राहिला.

"ठीक आहे," मी म्हणाले. "द्या तिला."

सगळे जेवायला खाली गेले. मी डबा उघडलाच नाही. गाणं जाण्याचं दुःख होतंच, पण त्याचं ते खाली बघणं जास्त लागलं होतं. हे गाणं त्यानं मला रेकॉर्डिंगच्या दिवशीच शिकवलं होतं, घाईघाईनं, आयत्या वेळी. ते माझं होतं. ते हातातून गेलं, तर मी परत नुसती प्रार्थनेची बाई.

एकदा... एकटीनं प्रयत्न करू म्हणून मी दार लोटलं. रेणुकादासची तीच जुनी हार्मोनियम कोपऱ्यात होती. फोनवर कॅसेटचं गाणं लावलं आणि सूर शोधायला लागले.

सूर सापडेना.

काळी पाच दाबली, तर गाणं तिच्या जरा वर. शेजारची पांढरी सात दाबली, तर गाणं तिच्या खाली. मधे दुसरी पट्टीच नाही! आणि गाण्यात वाजत होती ती हीच हार्मोनियम. आमच्याकडं दुसरी होती कुठं?

हार्मोनियमला दोन पट्ट्यांच्या मधला सूर वाजवता येत नाही. हे माझ्या चौथीच्या मुलांनाही कळतं. मग कॅसेटवर तो आला कुठून?

मी पहिलं गाणं लावलं. ते जवळजवळ काळी चारवर बसलं. तिसरं जरा वर. सहावं आणखी वर. आम्ही तर दिवसभर एकाच पट्टीत, काळी चारमध्ये गायलो होतो...

दार वाजलं. शेषेराव होता. हातात कागदात बांधलेली भजी.

"उपाशी राहू नको. माझ्यावर राग हाय तर माझ्यावर काढ."

"तू गप्प का बसलास?"

"तुला खोकताना बघवत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "वाटलं, गाण्यापायी गळा नको जायला. चुकलं माझं. बालाजीला तवाच गप्प करायला पाहिजे होतं."

माझा राग अर्धा तिथंच उतरला. पण ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. "भजी ठेव. हे ऐक आधी."

मी त्याला सगळं वाजवून दाखवलं. तो आधी उभा होता, मग खाली बसला, मग डोक्याला हात लावला.

"सेल!" तो ओरडला. "आगं, सेल! त्या दिवशी सकाळीच लाइट गेली होती. टेपरेकॉर्डर सेलवर चालवला आपण. सेल उतरत गेले, तशी मोटार हळू फिरत गेली. हळू फिरताना भरलेलं गाणं नंतर नीट वेगात लावलं की..."

"पळतं," मी म्हणाले. "आणि वर चढतं. फोनवर व्हिडिओ पळवला की माणसं बारीक आवाजात बोलतात, तसं."

"बरोबर!"

"काय हो फिजिक्सचे सर? तीस वर्षं लागली?"

"मी तर तीस वर्षं बालाजीला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "त्यानंच ड्रम पळवला, माझ्या गाण्याचं वाटोळं केलं, म्हणून."

म्हणजे कॅसेटवरच्या त्या उंच सुरात कुणीच कधी गायलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तीस वर्षं सगळे ज्या पोरीच्या आवाजावर जीव टाकत होते, ती पोरगी उतरलेल्या सेलांनी तयार केली होती.

मंडळी वर आली. स्टुडिओच्या आलोकनं कॉम्प्युटरवर जुनं गाणं हळू करत नेलं, त्यातली हार्मोनियम काळी चारवर येऊन बसेपर्यंत. मग त्यानं ते सुरुवातीपासून लावलं.

बालाजीचं बोट आपोआप गुडघ्यावर ठेका धरायला लागलं.

माझाच आवाज होता तो, एकोणीस वर्षांच्या माझा. खालचा, संथ, जरा घाबरलेला. शब्द तेच होते, पण आता ते एकमेकांवर आदळत नव्हते.

*लाइट येईल तेव्हा येईल,*
*तू एवढ्यात जाऊ नको.*
*अंधारात सांगायचं आहे,*
*उजेडाची वाट पाहू नको.*

"तीस वर्षं!" बालाजी उसळला. "तीस वर्षं ह्या शेष्यानं माझ्या नावानं बोंबा मारल्या! ऐका, ऐका माझा ठेका. किती सरळ चाललाय बघा, गायीसारखा!"

मनस्विनी मात्र गोंधळली होती. "पण हे तर नाचायचं गाणं होतं ना? हे तर..." तिनं शेषेरावकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पुढचं गिळून टाकलं.

शेषेराव गिटारच्या तारा पुसत होता. स्वच्छ होत्या, तरी पुसत होता.

मला तो दिवस आठवला. रेकॉर्डिंगच्या आधी पत्र्याच्या खोलीत तो मला चाल सांगत होता, माझ्याकडं न बघता. दोन ओळींच्या मधे एवढं थांबत होता, की मी म्हणाले होते, 'अरे, विसरलास का?' मग कॅसेट आली, गाणं पळालं, मुलं नाचली, आम्हीही नाचलो. तो एवढं थांबत का होता, हे विचारायचं राहूनच गेलं.

"मी गाते," मी म्हणाले. "काळी चार. मनस्विनी, तू माझ्यामागं कोरसला उभी राहा."

मी डोळे मिटले नाहीत. काचेपलीकडं बघून गायले. या वेळी सूर फाटला नाही. सुरांना जागा होती, श्वासाला जागा होती. दोन ओळींच्या मधे मी थांबले, त्यानं सांगितलं होतं तेवढंच. त्याची भुवई आज वर गेली नाही. तो फक्त बघत होता.

गाणं एकाच दमात झालं. बालाजीनं रुमालात नाक शिंकरलं आणि म्हणाला, "एसीनं सर्दी झाली."

मी बाहेर व्हरांड्यात आले. आभाळ भरून आलं होतं. अवकाळीचा वारा धूळ आणि कडुनिंबाचा पाला उडवत होता. मग टपोरे थेंब पडायला लागले, आणि तापलेल्या डांबराचा वास उठला.

तो शेजारी येऊन उभा राहिला.

"कळलं?" त्यानं विचारलं.

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"गाण्यात बोललो होतो की. गाणं पळालं... त्याला मी काय करू? होस्टेलची पोरं ताटं बडवून राहिली, आणि तू त्यांच्यासंगं टाळ्या वाजवून राहिली. मी म्हटलं, गेलं."

"आणि नंतर?"

"नंतर तुझं लग्न ठरलं. मी आईचं दुखणं बघितलं, क्लास बघितले. माझं राहूनच गेलं." त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "आता... म्हंजे, तुला चालणार आसंल तर... आपण दोघं... उरलेलं..."

पाऊस वाढला. मी हसू दाबून हाताची घडी घातली.

"पूर्ण वाक्यात बोल. अर्ध्या उत्तराला मी मार्क देत नाही."

तो सरळ उभा राहिला. खरंच, फळ्यासमोर उभं राहिलेल्या मुलासारखा.

"सौदामिनी, मला तुझ्याशी लग्न करायचं हाय."

मी त्याचा हात धरला. बोटांच्या टोकांना तारांनी घट्टे पडले होते, पण तळवा थंडगार होता, घाबरलेल्या माणसाचा असतो तसा.

"हाव," मी म्हणाले.

"पूर्ण वाक्यात," तो म्हणाला, आणि आता त्याची भुवई वर गेली.

मग मी पूर्ण वाक्यात सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या वेळी ढग फार मोठ्यानं गडगडला.