आईनं दिलेली किडनी

यातला एक शब्दही रचलेला नाही. माझी लेक इरा झोपलीय तेवढ्यात लिहितेय.

मागच्या फेब्रुवारीतला गुरुवार. लोणावळ्यातलं आमचं घर. दुपारचे चार.

माझ्या पोटात उजवीकडे आईची किडनी आहे. सहा वर्षांपूर्वी दिली तिनं. गावाहून, वडिवळ्याहून आली नि डॉक्टरांसमोरच म्हणाली, "मला दोन हायेत की! एक घे. परत मागनार न्हाई. पन बाळ झालं की त्येला पैलं मी घेनार."

इरा जन्मायच्या दोन महिने आधी आई गेली.

बाळंतपणानंतर माझे रिपोर्ट बिघडले. त्या गुरुवारी सकाळी पुण्यात स्कॅन झाला. शिरेतून किरणोत्सारी औषध दिलं. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, सोनोग्राफीत किडनी नुसती दिसते. इथं ती काम करते का, ते कळतं. करत असेल तर उजळते."

पडद्यावर काळोख होता...

मग उजवीकडे एक ठिपका उजळला.

आई होती ती. मी रडले.

"उद्या सकाळपर्यंत बाळाला जवळ घ्यायचं नाही. अंगावरचं दूधही नाही," त्यानं बजावलं.

घरी आल्यावर माझा नवरा सुश्रुत दुधाची पावडर आणायला निघाला. "दोन मिनिटांत आलो. तिच्या खोलीत जाऊ नकोस हं, रेणू."

"रडली तर?"

"रडेलच. तुझ्यावर गेलीय."

तो गेला नि इरा रडायला लागली. मी दाराबाहेर पदर चावत उभी.

आणि...

पाळण्याची कडी कुरकुरली.

एकदा. पुन्हा. संथ लयीत.

इरा गप्प झाली.

त्याच क्षणी माझी उजवी कूस गार पडली.

"कोण आहे आत?"

मागून सुश्रुतनं विचारलं. हातात पावडरीचा डबा.

तो आत गेला. इरा गाढ झोपलेली. तिच्या उजव्या तळपायावर काजळाची तीट होती... ओली.

आमच्या घरात काजळ नाही. तळपायाला तीट फक्त आई लावायची, मी लहान असताना.

रात्रीपर्यंत मला लघवी झाली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर कालची चित्रं पुन्हा पुन्हा बघत होते. "इथं तर किडनी चांगली चालतेय, आज पूर्ण बंद. दुपारी काही झालं का?"

"नाही," मी म्हटलं.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

पाळणा त्यानंतर कधीच आपोआप हलला नाही. मी रोज कान देऊन बसते.

माझ्यात होती, तोवर आई कुठे आहे ते मला ठाऊक होतं.