शेवंतीची येसर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. तुम्ही पाहता ती डोंबिवली तेव्हा नव्हती. स्टेशनापासून थोडं चाललं की भाताची खाचरं लागत आणि खाचरं संपली की खाडीच्या अंगाला मिठागरं. मिठाचे ढीग उन्हात असे चकाकत की डोळ्यांवर हात धरावा लागे. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. घाटावरून, कोकणातून माणसं पोटासाठी येत होती आणि गावाच्या कडेला त्यांच्यासाठी कौलारू चाळी उठत होत्या. अशाच एका चाळीजवळ पिठाची गिरणी होती. पौषातली गार सकाळ आहे. ओट्यावर बायकांचे डबे रांगेत लागलेत, गिरणीचा पट्टा फटफट वाजतोय, आणि ओट्याच्या टोकाला एक बाई मान खाली घालून क्रोशा विणत बसलीय. दिसली? तीच आपली तुळसा.

तुळसा इथल्याच आगऱ्यांच्या घरातली. नवरा मिठाच्या होडीबरोबर खाडीत बुडाला आणि ती भावाच्या घरी परत आली. मूलबाळ नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला क्रोशा शिकवला होता. तिची सुई म्हणजे छत्रीची काडी, दगडावर घासून टोकाला आकडा केलेली. तेवढ्यावर ती टोपडी विणे, कुंच्या विणे, पायमोजे विणे. गावात नाहीतर चाळीत कुणाचं बाळ जन्मलं की तुळसाचं टोपडं तिथं पोचलेलंच असे. बारशाला मात्र तिला कुणी बोलावत नसे. विधवा बाई पाळण्याजवळ नको, असं सगळ्यांना वाटे. तुळसाला काय वाटे, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या सकाळी एक उंच, हडकुळा माणूस बाजरीचा डबा घेऊन आला. त्याच्या धोतराला धरून आठेक वर्षांची मुलगी चालत होती. विषमज्वरातून नुकती उठलेली; केस सगळे काढलेले. डोक्याला बापाचा पंचा गुंडाळला होता, तो सुटून खांद्यावर आला, आणि ओट्यावरच्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मुलीनं पंचा वर ओढला नाही. ती त्या बायकांकडे बघत राहिली, त्यांचं हसू ओशाळं होईपर्यंत.

तुळसाची सुई थांबली.

"इकरं ये गो पोरी," ती म्हणाली.

"ती बोलत न्हाय कुणाशी," माणूस म्हणाला. "भादव्यात तिची आई गेली, तवापास्नं."

"मना कुठं बोलायचंय, दादा? डोकं मोजायचंय."

तो हसला. हसणं विसरून गेलेला माणूस हसतो तसा, जरा अवघडून. "मोजा की. पण लई कडक डोस्कं हाय. बापावर गेलंय."

"मग बापाचाही अंदाज घेऊन ठेवते. लोकर जास्त लागल."

"लोकरीची काळजी नगं. ठाण्याला लोकरीच्या गिरणीतच हाय मी. तुटके धागे झाडून टाकत्यात... मुकादमाला इचारून आणीन."

त्याचं नाव महिपत. मुलीचं रतन. तुळसानं दोऱ्यानं रतनचं डोकं मोजलं, तेव्हा ती पोर दगडासारखी उभी राहिली. पण दोरा काढताना तिनं डोळे मिटले. आईच्या वयाच्या बाईचे हात किती तरी दिवसांनी तिच्या डोक्याला लागले होते.

महिपतनं खरंच धागे आणले. तांबडे, राखी, हिरवे, सगळे एकमेकांत गुंतलेले. तुळसानं ते सोडवले, गाठी मारल्या, आणि कानांवरून खाली येणारी जाड टोपी विणली. रतननं ती घातली ती घातलीच. बोलली मात्र नाही.

मग टोपीचं निमित्त संपलं तरी धागे येत राहिले. संध्याकाळी महिपत ठाण्याहून परतला की रेल्वेच्या फाटकाशी कागदाची पुडी हातात घेऊन उभा राही, आणि तुळसाला नेमकं त्याच वेळी फाटकापलीकडे काम निघे.

"एवढी लोकर? गावात एवढी बाळं नायत," ती म्हणे.

"व्हतील की. तुमी टोपडी इणून ठेवा, बाळांना घाई व्हईल."

एकदा तो पुडी देता देता थांबला. "आज मला दादा म्हणला न्हाईत."

तुळसा पुडीची गाठ सोडू लागली. ती गाठ काही सुटेना. "...राहून गेलं," ती म्हणाली.

"राहू द्या मग."

मुलांनो, इथंच गोष्ट थांबवता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण फाल्गुन लागला आणि एका संध्याकाळी महिपत पुडीशिवाय आला.

"एक इचारायचं व्हतं," तो म्हणाला. "आमच्याकडं येसर असती. बाजरी, हुलगं, हरभऱ्याची डाळ, धणं, जिरं, मिरच्या... समदं भाजून कुटायचं. वर्षाची करून ठिवायची. पाण्यात कालवून चुलीवर ठिवली की आमटी झाली. रतनच्या आईनं, शेवंतीनं, गेल्या वैशाखात केली व्हती, अंगात ताप आसताना. मी म्हणायचो, कशाला जिवाला ताण देतीस? ती म्हणायची, नंतर कोण करंल?"

तुळसानं हातातली सुई पदराला खोचली.

"रतन तेवढंच खाती. येसरची आमटी आन् भाकरी. दुसरं पुढ्यात ठिवलं तर ताट सारती. डब्यात ती हाय तवर आई हाय, असं काय तरी तिच्या मनानं घेतलंय. आन् आता... डब्याच्या तळाला हात लागतोय."

"चाळीत कुणी करून देणार नाय?"

"रखमाबाई शेजारी हायत, पण त्या रत्नागिरीच्या. त्यांना येसर ठावी न्हाय. आन् घरात करू देत न्हाईत. बाई गेली त्या घरात वर्ष उतरंस्तवर साठवणीचं काय करायचं न्हाय म्हणत्यात. लोणचं न्हाय, पापड न्हाय, मसाला न्हाय. दुसऱ्यानं द्यायचं."

"आमचेकडे पण तसंच. मग मी दुसरी हाय ना."

त्यानं खिशातून चिमूटभर येसर कागदात बांधलेली काढली. तुळसानं ती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ ती एकेक चव शोधत राहिली. डोळे उघडले तर महिपत तिच्याकडेच बघत होता.

"काय बघताय?"

"न्हाय... चव घेताना माणूस एवढं देखणं दिसतं, ठावं नव्हतं." आणि लगेच मान खाली घालून म्हणाला, "तिला मात्र सांगायचं न्हाय. त्याच डब्यात मिसळू. आईचीच हाय म्हणून खाईल."

तुळसाला ते खटकलं. पण रतनच्या मनगटाची हाडं तिच्या डोळ्यांपुढं आली. ती हो म्हणाली.

भावाच्या घरी तिनं सगळं मंद आचेवर भाजलं. उखळी राखेनं घासली, चिंचेनं घासली, आधी तांदळाचा कोंडा कुटून काढून टाकला. तिची भावजय आवडाबाई दारात उभी राहून बघत होती.

"त्या घाटावरच्याचे घरचा मसाला आपले उखलीन कुटतंस?" ती म्हणाली. "उद्या त्याचे चुलीपुढं बसशील. लोकां काय बोलतीन?"

"लोकां आज पण बोलतात, वहिनी. त्यांना काम नको?"

आवडाबाई फणकारून आत गेली. तुळसा कुटत राहिली.

चूक तिथंच झाली. त्या उखळीत वर्षानुवर्षं सुका जवळा कुटला जात होता. त्या बारीक कोळंबीचा वास दगडाच्या आत शिरलेला होता. मासळीच्या घरात जन्म गेलेल्या माणसाला तो येत नाही. महिपतच्या नाकात गिरणीतली लोकरीची पूड बसलेली. त्यालाही आला नाही. शेवंतीचं घर मात्र माळकऱ्यांचं. तिच्या चुलीवर मासळी कधी चढलीच नव्हती. महिपतनं नवी येसर डब्यात ओतली आणि रंग सारखा दिसावा म्हणून हात घालून तळापर्यंत ढवळली.

रात्री रतननं पहिला घास तोंडाशी नेला. थांबली. हुंगला. परत ताटात ठेवला.

"ह्यात मासं हायत," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांनी तोंडातून निघालेले पहिले शब्द ते. मग तिनं डबा ओढून घेतला, झाकण काढलं, आत तोंड घालून वास घेतला. रडली नाही. झाकण नीट दाबून लावलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुधाचा पेला तसाच निवून गेला. डॉक्टर येऊन पोट दाबून बघून गेले. "आतडी अजून नाजूक आहेत," ते बाहेर येऊन हळू आवाजात महिपतला म्हणाले. "पोटात काही गेलं नाही तर या वेळी मी खात्री देत नाही."

नळावर रखमाबाईंनी तुळसाला गाठलं. चार बायका ऐकत होत्या. "आईच्या हातचं शेवटचं होतं गो त्या पोरीचं," रखमाबाई म्हणाल्या. "तेही बाटवलंस."

तुळसानं भरलेली घागर तिथंच ठेवली आणि रिकाम्या हातांनी घरी गेली.

संध्याकाळी महिपत मिठागराच्या बांधावर तिची वाट बघत होता. ऊन कलत होतं. मिठावर गुलाबी उजेड पडला होता. दोघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही.

"मिसळायचं मी सांगितलं," तो म्हणाला. "चूक माझी हाय. तिला गावी भावजयीकडं धाडतो."

"तिथं जेवल?"

"...ठावं न्हाय."

तो बांधावरून दोन पावलं चालला आणि वळला. मग तो म्हणाला, "तुळसा." बाई न लावता, पहिल्यांदाच. "हे झालं नसतं, तर मी आज येगळंच बोलणार व्हतो."

"बोला."

"आता कुठल्या तोंडानं बोलू?"

"बोला तरी. ऐकून घेऊ दे."

"आमच्या घरी या... कायमच्या. रतनसाठी म्हणून न्हाय. माझ्यासाठी."

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "यावं वाटतं मना. कशाला लपवू? फाटकापाशी तुम्ही दिसला नाय तर घर खायला उठतं. पण त्या पोरीचं आईच्या हातचं मी संपवलं. तिनं ये म्हटल्याशिवाय तुमचा उंबरा नाय ओलांडणार मी."

"ती न्हाय म्हणली तर?"

"तर नाय."

सकाळी तुळसा भर उजेडात, सगळ्यांच्या देखत चाळीत गेली आणि महिपतच्या उंबऱ्याबाहेर बसली. आत रतन घोंगडीवर पडली होती, टोपी डोळ्यांवर ओढून. महिपत कामावर गेला नव्हता. तो कोपऱ्यात उकिडवा बसला होता.

"आता काय आणलंस?" रखमाबाईंनी शेजारच्या दारातून विचारलं.

"काही नाय," तुळसा म्हणाली. मग ती रतनशी बोलू लागली, मोठ्या माणसाशी बोलावं तशी. "रतन, ती येसर मी केली. तुझे आईची म्हणून तुला खायला घालणार होतो, मी आणि तुझे बाबा मिळून. ते खोटं होतं. आमचे उखळीत जवळा कुटतात. मी घासली, पण वास राहिला. मना आला नाय, तुला आला. तू खरी."

टोपी हलली नाही.

"तुझे आईसारखी मी होणार नाय. तिच्यासारखी येसर पण मना येणार नाय. मासळी उद्या सोडीन. पण माझे हातांचा वास जाईल का, ते ठाऊक नाय. खोटं एकदा बोलले, आता नाय बोलणार."

रखमाबाईंच्या हातातलं सूप मघापासून थांबलं होतं. मग रतननं टोपी कपाळावर सरकवली. घोंगडीवरून बसल्या बसल्याच ती पुढं सरकली, उंबऱ्यापर्यंत आली, आणि तिनं तुळसाचा हात धरून नाकाशी नेला. तळवा हुंगला. बोटं एकेक करून हुंगली.

"लोकरीचा येतोय," ती म्हणाली. "बाबाला येतो तसा."

तुळसानं हात तिच्या हातात तसाच राहू दिला.

"डब्यात आईची किती व्हती?" रतननं विचारलं.

"दोन मुठी असल. तळाला होती."

"आता कुठं हाय?"

"मिसळली. येगळी नाय करता येणार."

रतननं विचार केला. "म्हंजे समदीकडं हाय?"

"हाव. सगळीकडं."

रतन भिंतीला धरून उठली. पाय लटपटत होते. महिपत पुढं झाला, पण तुळसानं मानेनंच त्याला थांबवलं. पोर चुलीपाशी पोचली. तिनं पातेलं घेतलं, कळशीतून पाणी ओतलं आणि डब्याचं झाकण उघडलं.

"उन्हात काय बसलाय?" ती मागं न बघता तुळसाला म्हणाली. "आत या. तिखट चालतं न्हवं तुमाला?"

आणि उत्तराची वाट न बघता तिनं डब्यात हात घातला, मूठभर येसर पाण्यात सोडली आणि गुठळ्या राहू नयेत म्हणून बोटांनी कालवू लागली.